डिजिटल फॉरेन्सिक्समध्ये पीएच.डी. करणार असाल तर आधी वही घ्या

सॉफ्टवेअर सुरक्षा आणि डिजिटल फॉरेन्सिक्स, म्हणजे उपकरणांमधल्या डिजिटल पुराव्यांचा तपास, यातल्या माझ्या पीएच.डी.चं हे चौथं वर्ष. मोबाइल अ‍ॅपच्या डेटाबेसमधून पुसलेल्या नोंदी कितपत भरवशाने परत मिळतात, हा माझा विषय. प्रवेश घेऊ पाहणारी मुलं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला: "कुठली टूल्स शिकू?" ऑटॉप्सी, स्ल्यूथ किट फुकट मिळतात, हळूहळू हात बसतो. मला सांगायचंय ते त्याच्याही आधीचं आहे.

पहिल्या वर्षी चाचणीच्या फोनवर मी ठरवून संदेश पाठवले, त्यातले काही पुसले आणि अ‍ॅपच्या फाइल्स लॅपटॉपवर उतरवून फोन रीसेट केला. डेटाबेस एसक्यूलाइटचा होता (अ‍ॅप्समध्ये सर्रास वापरली जाणारी छोटी डेटाबेस प्रणाली) आणि शेजारी त्याची राइट-अहेड लॉगची, म्हणजे बदल आधी टिपून ठेवणारी, फाइल. मी डेटाबेस साध्या व्ह्यूअरमध्ये उघडला, संदेश पाहिले, व्ह्यूअर बंद केला. फोल्डरमध्ये बघते तर लॉगची फाइल गायब! मुख्य फाइलवर आत्ताची वेळ.

झालं होतं ते असं. या पद्धतीत बदल आधी लॉगमध्ये लिहिले जातात, त्यामुळे पुसलेला संदेश मुख्य फाइलच्या जुन्या पानावर (पान म्हणजे डेटाबेस फाइलचा ठरावीक आकाराचा तुकडा) काही काळ तसाच असतो. डेटाबेसचं शेवटचं कनेक्शन बंद होताना एसक्यूलाइट लॉगमधली नवी पानं मुख्य फाइलवर चढवतं आणि लॉग काढून टाकतं. म्हणजे जे शोधायला बसले होते, त्यावर माझ्याच हाताने नवं पान चढलं.

गाइड मॅडम रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, "हॅश कधी काढलास?" हॅश म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला तिचा ठसा; फाइल जराशी बदलली तरी तो बदलतो. मी म्हटलं, "उघडून झाल्यावर." "मग उघडण्याआधी फाइल कशी होती, हे तू कशावरून सांगणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या संध्याकाळी मी बांधीव वही आणली, पानांना क्रमांक घातले. तेव्हापासून कुठल्याही फाइलला हात लावण्याआधी तारीख, वेळ, टूलची आवृत्ती आणि एसएचए-२५६ हॅश वहीत जातो. काम नेहमी प्रतीच्या प्रतीवर.

ही शिस्त फक्त प्रयोगशाळेपुरती नाही. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून उभं राहिलेलं अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हे प्रकरण जरूर वाचा. वाद उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही याचा, आणि पुरावा होता निवडणूक कार्यालयातल्या चित्रीकरणाचा. मूळ उपकरण हजर केलं नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत ती कशी काढली हे सांगणारं प्रमाणपत्र हवंच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे आणि त्याच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅशसाठी जागाच ठेवलेली आहे.

संशोधनाचा खरा कस मात्र बाइट्समध्ये लागतो. एसक्यूलाइटमध्ये नोंद पुसली की सहसा तिच्या पहिल्या ४ बाइट्सवर मोकळ्या जागेचा हिशेब लिहिला जातो: पुढची मोकळी जागा कुठे, ही किती मोठी. नोंदीची लांबी आणि क्रमांक बहुधा तिथेच असतो. म्हणून "उद्या येते" हे शब्द हाती लागतात, पण ही नोंद कितवी, ते हरवलेलं असतं. सुरक्षित पुसण्याची सोय चालू असेल तर तिथे नुसती शून्यं. अंदाजाने क्रमांक भरून तक्ता पूर्ण करायचा मोह होतो. तो रकाना रिकामा ठेवा. न्यायालयात त्या तक्त्यावर कुणाचं तरी आयुष्य अवलंबून असू शकतं.

बाकी व्यवहाराचं थोडक्यात. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार किमान ३ वर्षं आणि कोर्सवर्कचे किमान १२ क्रेडिट्स. सिनॉप्सिस लिहिताना विषय अरुंद ठेवा: अँड्रॉइड १० पासून नव्या फोनना फाइलवार एन्क्रिप्शन (प्रत्येक फाइल सांकेतिक रूपात कुलूपबंद ठेवणं) सक्तीचं आहे, त्यामुळे "फोनमधला सगळा डेटा काढणं" हा विषय कुलपापाशीच अडतो. मित्रांचे फोन सरावाला घेऊ नका, त्यात त्यांच्या घरच्यांचंही बोलणं असतं आणि त्यांची परवानगी कुणी घेतलेली नसते. डिजिटल कॉर्पोरा आणि अमेरिकेच्या निस्ट या मानक-संस्थेचे सरावाचे संच खुले आहेत.

सुरुवात आज रात्रीच करता येईल. पायथॉनमध्ये एसक्यूलाइट आधीपासून असतं. राइट-अहेड लॉग चालू करून १० नोंदी भरा, चेकपॉइंट करा (म्हणजे लॉगमधली पानं मुख्य फाइलवर चढवा), ३ पुसा. कनेक्शन उघडं असतानाच दोन्ही फाइल्सची प्रत घ्या आणि हॅश लिहा. मग ती प्रत उघडा, एक नोंद वाचा, बंद करा आणि पुन्हा हॅश काढा.