पहिलं हरीण कॅमेऱ्यात घ्यायचंय? खानापूर-भीमगड-दांडेली साइडला जाताना या चुका टाळा

उन्हाळा लागला की बेळगाव, खानापूर, चंदगड, निपाणी सगळीकडची पोरं नवीन कॅमेरा नाहीतर नवीन फोन घेऊन जंगलाकडं निघतात आणि संध्याकाळी परत येताना एकच रडगाणं असतं, काय दिसलं नाही, दिसलं ते पळालं, पळालं नाही ते हललं. हरीण दिसत नाही याचं कारण बहुतेक वेळा नशीब नसतं, आपण त्याच्या मागं जातो हे असतं. त्याला आपल्या समोर येऊ द्यायचं असतं. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीच्या निम्म्या चुका आपोआप कमी होतात म्हणून आधी लिहिलं.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट क्लिअर करू, कारण हा प्रश्न अजून विचारला जातो. "आमचे आजोबा सांबर मारायचे, बंदूक पण आहे घरात, आता परमिट कुठं मिळतं?" कुठंच मिळत नाही. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली 1991 ची दुरुस्ती यामुळं हौसेची शिकार पूर्ण बंद आहे आणि अभयारण्यात शिकार केली तर शिक्षा 3 ते 7 वर्षं. पिकात येतंय म्हणून स्वतः मारायचं पण चालत नाही, नुकसानीचा अर्ज फॉरेस्ट डिपार्टमेंटकडं करायचा. अमेरिकेत गेलेला भाऊ तिथं लायसन्स काढून सीझनमध्ये हरीण मारतो, फोटो पाठवतो, ते तिथल्या नियमात बसतं, इथं नाही. गावात कोण "जंगली मटण" आणून देतो म्हणाला तर घेणारा पण गुन्हेगार. आणि हे खूप जणांना माहीत नसतं, जंगलात आपोआप गळून पडलेलं शिंग उचलून घरी आणून हॉलमध्ये लावणं हा पण गुन्हाच आहे. पडलेलं शिंग तिथंच राहू दे, साळिंदर-उंदीर ते कुरतडून खातात, त्यातलं कॅल्शियम त्यांना लागतं.

चुकीच्या जंगलात चुकीचं हरीण शोधणं

ही सगळ्यात कॉमन चूक. मनात चितळ असतं, पांढऱ्या ठिपक्यांचं, कळपात चरणारं, आणि माणूस जाऊन बसतो कणकुंबी-चोर्ला साइडच्या दाट रानात. चितळाला मोकळं रान लागतं, गवत, मधे मधे झाडं, जवळ पाणी. त्यामुळं दांडेली-कुळगी साइडला, म्हणजे काळी टायगर रिझर्व्हच्या भागात, सफारीतनं चितळ दिसायचा चान्स जास्त. घाटमाथ्याच्या दाट ओल्या जंगलात सांबर आणि भेकर यांचं राज्य. सांबर मोठं, नर 200 किलोच्या वर जातो, पण बहुतेक पहाटे नाहीतर अंधार पडताना हालतं. भेकर 20-25 किलोचं, एकटं नाहीतर जोडीनं, आणि ओरडतं ते कुत्र्यासारखं, नवीन माणसाला वाटतं वाडीतला कुत्रा भुंकतोय आणि तो तिकडं बघतच नाही. पिसोरी तर मांजराएवढी, साधारण 3 किलोची, रात्रीची हिंडणारी, ती पहिल्या झटक्यात दिसेल ही आशा सोडा.

काळवीट बघायचं असेल तर खानापूर साइडला शोधत बसू नका, हावेरी जिल्ह्यात राणेबेन्नूरला जा, काळविटासाठीचं अभयारण्य तिथं आहे, सपाट माळरान. तसं काळवीट हरीण नव्हेच, त्याची शिंगं गळत नाहीत, चितळ-सांबराची दरवर्षी गळून नवीन येतात. म्हणून कधी कधी बिनशिंगाचा मोठा सांबर दिसला की लोक मादी म्हणून सोडून देतात, मानेवरचा केसांचा झुपका बघा, तो नरच असतो.

परवानगीचं पण इथंच सांगतो. भीमगड अभयारण्य 2011 ला झालं, साधारण 190 चौरस किलोमीटर, त्यात आपल्या मनानं पाऊलवाट धरून आत शिरायचं नाही. हेमाडगा साइडला कॅम्प आहे, तिथं नाहीतर खानापूरच्या फॉरेस्ट ऑफिसात विचारून, वॉचर बरोबर घेऊनच. हे नुसतं नियमासाठी नाही, या रानात अस्वलं आहेत, गवे आहेत, नागरगाळी साइडला हत्ती येतात, आणि हरणाच्या नादात खाली बघत चालणारा माणूस अस्वलाच्या अंगावर जातो.

चालत राहणं, आणि वारा न बघणं

जंगलात दोन पायांवर चालणारं जनावर एकच, माणूस, आणि त्या पावलांचा ताल हरणाला बरोबर कळतो. सुकलेल्या पानांवर तर तुम्ही दोनशे मीटरवरनं ऐकू येता. बरोबरचा वॉचर सांगतो, "साहेब, सुम (गप) बसा की थोडा वेळ," आणि आपल्याला वाटतं ह्याला चालायचा कंटाळा आलाय. त्याचं ऐका. पाणवठ्यापासून लांब, झाडाच्या बुंध्याला पाठ लावून, पहाटे उजाडायच्या आधी जाऊन बसा आणि किमान दोन तास हलू नका. पहिल्या अर्ध्या तासात काहीच दिसत नाही कारण तुम्ही येताना केलेला आवाज रानाला विसरायला तेवढा वेळ लागतो, मग पक्षी परत बोलायला लागतात, वानरं खाली येतात, आणि वानरं आली की खाली चितळ यायची शक्यता वाढते, कारण वानरं वरनं पाला-फळं पाडतात आणि वाघ-बिबट्या आला तर ओरडून सांगतात.

आता वारा. जुने शिकारी कपडे-बिपडे नंतर बघायचे, पहिला वारा बघायचे, आणि ती गोष्ट कॅमेरेवाल्यांनी सोडून दिली. चिमूटभर राख नाहीतर टाल्कम पावडर हवेत सोडा, ती तुमच्याकडनं जनावराच्या दिशेला जात असेल तर जागा बदला, दुसरा इलाज नाही. आपल्याकडं डोंगरउतार आहेत म्हणून अजून एक गोष्ट लक्षात ठेवा. पहाटे थंड हवा उतारावरनं खाली वाहते, तेव्हा तुम्ही जनावराच्या खालच्या बाजूला पाहिजे. ऊन चढलं, जमीन तापली की हवा उलटी, खालनं वर जायला लागते, मग वरची बाजू धरायची. आठ-नऊ वाजेपर्यंत सगळं छान चाललेलं असताना अचानक कळप मान वर करून निघून जातो ना, बऱ्याच वेळा तेव्हा वाराच फिरलेला असतो. बॉडी स्प्रे, गुटखा, सिगरेट, ओडोमॉस याचं वेगळं सांगायला नको.

निळी जीन्स

कॅमोफ्लाज जाकीट वर आणि खाली निळी जीन्स, हे दर ग्रुपमध्ये एक तरी असतो. हरणाला आपल्यासारखे रंग दिसत नाहीत. तांबडा-केशरी त्याला जवळपास कळत नाही, पण निळा मात्र चांगला दिसतो, अल्ट्राव्हायोलेट पण काही प्रमाणात दिसतं. म्हणून तर अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत शिकाऱ्यांना भडक केशरी जाकीट घालायची सक्ती आहे, दुसऱ्या शिकाऱ्याला ते लांबनं दिसतं, हरणाला नाही. आपण काय करायचं? खाकी, मातकट, मळका हिरवा, जुने कपडे असतील तर उत्तम, आणि जंगलाचे कपडे "सफेदी की चमकार"वाल्या पावडरीनं धुवू नका, त्यातलं चमक आणणारं केमिकल त्या अल्ट्राव्हायोलेटमध्ये उठून दिसतं. पण कपड्यापेक्षा हालचाल दहापट महत्त्वाची, चेहऱ्यावरची माशी हाकलणारा हात हरीण पहिला बघतं.

दिसल्या दिसल्या कॅमेरा उचलणं

आला की क्षण, चितळ समोर, आणि माणूस झपकन कॅमेरा डोळ्याला लावतो, गेलं. थांबा. मान खाली असेल, शेपूट सैल हलत असेल तर ते चरतंय, तेव्हा हळूहळू कॅमेरा वर घ्या. मान वर झाली, दोन्ही कान तुमच्याकडं वळले की जसे आहात तसे थिजून जा, हात अर्धा वर असेल तर अर्धाच राहू दे, वाकू नका, लपायचा प्रयत्न करू नका, कारण वाकून सरकणारी आकृती म्हणजे त्याच्या दृष्टीनं बिबट्याच. परत मान खाली गेली की पुढं चालू. पुढचा पाय जमिनीवर आपटायला लागलं, शेपूट ताठ वर गेली, तीक्ष्ण आवाज काढला, म्हणजे तुम्ही त्याला त्रास देताय, फोटो सोडा आणि मागं व्हा. उन्हाळ्यात पाणवठ्यावरनं एकदा हुसकलेलं जनावर तासन् तास पाण्याला परत येत नाही, ही किंमत त्या एका फोटोला नको. (आणि आवाज तुमच्याकडं बघून नसेल, दुसरीकडं बघून असेल तर मात्र बसून राहा, तिकडनं कोणतरी मोठं येत असू शकतं.)

फोटो का बिघडले ते थोडक्यात

हललेला फोटो: शटर स्लो. चरणाऱ्या हरणाला शटर स्पीड 1/500 सेकंद, पळणाऱ्याला 1/1000 तरी ठेवा, पहाटे त्यासाठी आयएसओ (कमी उजेडात फोटो उजळ करणारं सेटिंग) 1600-3200 पर्यंत न्यावा लागला तर न्या, थोडे दाणे आलेला फोटो चालतो, हललेला नाही. जीपमध्ये असाल तर ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगा आणि लेन्सखाली तांदळाची छोटी पिशवी ठेवा.

हरीण धूसर, गवत शार्प: ऑटोफोकस पुढचं गवत पकडतोय, एकच फोकस पॉइंट सिलेक्ट करून डोळ्यावर ठेवा.

ठिपके पांढरेफटक, बाकी ठीक: मागचं रान काळं असल्यामुळं कॅमेरा उजेड वाढवतोय, एक्स्पोजर एक स्टॉप कमी करा (सेटिंगमध्ये -1), आणि दुपारी बारानंतर नादच सोडा.

फोनवाल्यांनी झूम करू नये. रान मोठं दिसू दे, हरीण त्यात छोटं दिसू दे, तो फोटो खरंच चांगला येतो. शटरचा आवाज आणि फ्लॅश दोन्ही बंद, घरनं निघतानाच.

लोकेशन टाकणं

स्टेटसला फोटो, खाली पाणवठ्याचं नाव, मॅपची पिन. कृपा करून हे करू नका. फास लावणारे पण फोन वापरतात. "खानापूर तालुका" एवढं पुरे. फोटोतलं जीपीएस पण बंद ठेवा. आणि बसायच्या जागेजवळ वायरचा फास दिसला, डुकरासाठी ठेवलेला पिठाचा गावठी बॉम्ब असेल अशी शंका आली, तर हात लावू नका, वॉचरला सांगा नाहीतर 1926 ला फोन करा, कर्नाटक फॉरेस्टची हेल्पलाइन आहे.

पाडस उचलणं, गावात आलेलं हरीण धरणं

हे मला सगळ्यात जिव्हाळ्याचं म्हणून जरा सविस्तर. गवतात एकटं पाडस गप पडलेलं दिसलं म्हणजे ते अनाथ नव्हे. आईच त्याला लपवून चरायला जाते, पाडसाला त्या वयात वास कमी असतो आणि न हलणं हेच त्याचं रक्षण. तुम्ही तिथं उभे असाल तोपर्यंत आई येणार नाही. एक फोटो पण नको, सरळ निघून जा. घरी आणून बाटलीनं दूध पाजलं तर बहुतेक वेळा पोट बिघडून मरतं, आणि जगलं तरी जंगलात परत जायच्या कामाचं राहत नाही.

दुसरं, कुत्र्यांनी पळवलेलं हरीण उसात, विहिरीत नाहीतर गल्लीत शिरतं. मग अख्खा गाव जमतो, कोण पाय धरतं, कोण तोंडात पाणी ओततं, कोण गळ्यात हात टाकून सेल्फी घेतं, आणि जखम फारशी नसताना ते तासाभरात नाहीतर दोन-चार दिवसांत मरतं. भीतीनं आणि धडपडीनं त्याचे स्नायू आतनं खराब होतात, काळजावर लोड येतो, त्याच्यावर औषध जवळपास नाही. म्हणून कुत्री बांधा, लोकांना लांब करा, आवाज बंद करा, 1926 ला फोन लावा, वाट मोकळी असेल तर त्याला आपणहून जाऊ द्या. फॉरेस्टवाल्यांनी सांगितलं तरच डोळ्यांवर सुती कापड टाका, डोळे झाकले की ते बरंच शांत होतं, नाक मात्र उघडं. पाणी तोंडात ओतायचं नाही, ते फुफ्फुसात जातं.

रात्री चोर्ला घाटातनं गोव्याला जाता-येता स्पॉटलाइट मारून सांबर बघायची फॅशन आलीय ती पण बंद करा. लाइटसमोर सांबर जागच्या जागी थिजतं, मागनं ट्रक येतो. रस्त्यात दिसलं तर लाइट डिम, स्पीड कमी, आणि एक ओलांडून गेलं म्हणून लगेच ॲक्सिलरेटर दाबू नका, मागं अजून असतात.

राहिलं गोचिडांचं. डिसेंबर ते मे त्या बारीक, तिळाएवढ्या गोचिड्या सुक्या पानांत असतात, माकडताप त्यांच्यातनं होतो आणि तो शिमोग्यापासनं कारवार, दोडामार्ग साइडपर्यंत आहे. फुल पँट मोज्यात खोचा, जमिनीवर अंग टाकून झोपू नका, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात आणि काखा, गुडघ्यामागं, कानामागं नीट तपासा. चिकटलेली गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची, रॉकेल-काडेपेटी काही नको. नंतर आठवडाभरात जोराचा ताप, अंगदुखी आली तर डॉक्टरला जंगलात गेलो होतो हे पहिलं सांगा, नुसती तापाची गोळी घेऊन बसू नका.