गॅरेज टाकायचंय? सबसिडीचा हिशेब आधी समजून घ्या

"सबसिडी किती मिळाली?" गॅरेज टाकलं की पाहुण्यारावळ्यांचा पहिला प्रश्न हाच. मिळाली, पण हातात नाही.

माझं टू-व्हीलर गॅरेज पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून, म्हणजे पीएमईजीपीतून उभं राहिलं. प्रकल्प ४ लाखांचा. मी ओबीसी, त्यामुळे पदरचे ५ टक्के म्हणजे २० हजार. बाकी ३ लाख ८० हजार बँकेचं कर्ज. ओबीसी आणि ग्रामीण भाग म्हणून सबसिडी ३५ टक्के, म्हणजे १ लाख ४० हजार. हेच शटर नगरपालिकेच्या हद्दीत घेतलं असतं तर २५ टक्केच. म्हणून नगरपालिकेची हद्द संपते तिथलं, पण एसटी स्टँडच्या रस्त्यावरचंच शेड भाड्याने घेतलं. जास्त सबसिडीसाठी आडरानात जाऊ नका, तिथे गाडी कोण आणणार?

ही सबसिडी ३ वर्षं कर्जखात्याशी जोडलेल्या ठेवीत पडून राहते. तेवढ्या रकमेवर बँक व्याज लावत नाही, एवढाच तोवरचा फायदा. हप्ता मात्र बँकेने दिलेली सुरुवातीची सवलतीची मुदत संपली की सुरू होतो, म्हणून सगळा पैसा मशिनरीत घालू नका. ऑइल, क्लच प्लेट, ब्रेक शू, केबल एवढा माल आणि दोन-तीन महिन्यांचं भाडं निघेल इतकं खेळतं भांडवल प्रोजेक्ट रिपोर्टमध्येच धरा. १० लाखांपर्यंत तारण लागत नाही, तरी मॅनेजर विचारतोच. नियम नम्रपणे दाखवायचा.

योजनेतलं उद्योजकता प्रशिक्षण धंद्याच्या हिशेबाचं असतं, पाना धरायला ते शिकवत नाही. त्यासाठी जिल्ह्याच्या आरसेटीचा, म्हणजे बँकेच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेचा, टू-व्हीलर मेकॅनिकचा कोर्स बघा. फी नाही, राहणं-जेवण तिथेच. माझा हात कार्ब्युरेटरवर बसलेला. पण एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा धुराच्या प्रदूषणाचा कडक नियम आला आणि नव्या गाड्यांत फ्युएल इंजेक्शन. परवा एक स्कूटर आली, मीटरवर इंजिनचा दिवा पेटलेला. आधी कुणीतरी प्लग आणि कॉइल दोन्ही बदललेले. गाडीतल्या बिघाडाचा कोड वाचणारा स्कॅनर लावला, थ्रॉटल सेन्सरचा कोड निघाला. धुताना कनेक्टरमध्ये पाणी गेलं होतं. हवा मारून सुकवला, कोड काढला, दिवा गेला. तर लिफ्ट नंतर घ्या, स्कॅनर आधी.

कोटेशन जीएसटी नंबर असलेल्या दुकानाचंच घ्या आणि बिलं जपून ठेवा. ३ वर्षांनी तपासणीला येणारे प्रोजेक्ट रिपोर्टच्या यादीतली मशीन जागेवर आहे का ते बघतात. सेकंडहँड कॉम्प्रेसर कितीही स्वस्त मिळाला तरी तो या यादीत बसवायचा नाही.