तीन मॉनिटरवर गेम : आधी सुतळी, मग केबल

दोन मॉनिटर जोडून गेम खेळायचा बेत असेल, तर तो सोडा. दोघांच्या कडा बरोबर नाकासमोर येतात आणि नेम धरायचा ठिपका फटीत जातो. घ्यायचे तर तीन. एकाच मापाचे, एकाच रिझोल्यूशनचे, जमल्यास एकाच मॉडेलचे.

नागपूरच्या सीताबर्डी बाजारात खरेदीला निघण्याआधी टेबल मोजा. २७ इंची मॉनिटर साधारण ६१ सेंमी रुंद असतो. तीन सरळ ओळीत मांडले तर ६ फूट जागा जाते, शिवाय टोकाचं चित्र तिरकं दिसतं. बाजूचे दोन आत वळवले की ५ फुटी टेबल पुरतो, पण त्याची खोली चांगली हवी.

आता सुतळी घ्या. खुर्चीत नेहमीसारखं बसा, एक टोक डोळ्यापाशी धरा, दुसरं मधल्या पडद्याच्या मध्यावर. तेवढ्याच सुतळीत बाजूच्या पडद्यांचे मध्य आले पाहिजेत आणि ते सरळ तुमच्याकडे वळलेले हवेत. ६० सेंमीवर बसलात तर दर पडदा साधारण ५३ अंशांनी वळतो. बहुतेक पोट्टे घाईत अंदाजाने ठेवतात आणि मग मान दुखते म्हणतात.

तिन्ही केबल ग्राफिक्स कार्डातच लावा, शक्यतो डिस्प्लेपोर्टने. मी एक केबल मदरबोर्डात खुपसून अर्धा दिवस मॉनिटरलाच शिव्या दिल्या होत्या.

विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘आयडेंटिफाय’ दाबून क्रम जुळवा. मग एनव्हिडियाचं कार्ड असेल तर सराउंड, एएमडीचं असेल तर आयफिनिटी सुरू करा. तीन फुल एचडी पडदे मिळून ५७६० बाय १०८०चा एक पडदा होतो. म्हणजे २१ लाखांच्या जागी ६२ लाख पिक्सेल! कार्ड आधीच धापा टाकत असेल तर तीन मॉनिटरचा नाद नको, एकच रुंद ३४ इंची घ्या. सराउंडच्या सेटिंगमध्ये बेझल करेक्शन, म्हणजे पडद्यांच्या कडांची जागा हिशेबात धरायची सोय असते. ती वापरली की रस्ता एका पडद्यावरून दुसऱ्यावर जाताना तुटल्यासारखा दिसत नाही.

शेवटी गेममध्ये फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे एका वेळी दिसणाऱ्या दृश्याचा कोन, वाढवा. काही गेम कडेचं चित्र नुसतं ताणतात, त्याला इलाज नाही. गाड्यांच्या काही सिम्युलेटरमध्ये मात्र तीन पडद्यांची वेगळी सेटिंग असते, तिथे अंतर आणि कोन विचारतात. सुतळी तोवर फेकू नका.

यूपीएस लहान असेल तर त्यावर कॉम्प्युटर आणि मधला मॉनिटर एवढंच ठेवा. लाईन गेली की बाजूचे बंद पडले तरी गेम सेव्ह करता येतो. आणि मे महिन्यात पारा ४५ला टेकला तरी कूलरचं तोंड कॅबिनेटकडे नको. ती हवा दमट असते, सोबत पाण्याचे बारीक थेंबही उडतात. कूलर खिडकीत, टेबल समोरच्या भिंतीला, आणि दार थोडं उघडं.