वर्षावनातील बेडकांचे सर्वेक्षण: निघण्यापूर्वीची तयारी

सामान बांधण्याआधी सर्वेक्षणाचा प्रश्न कागदावर लिहून काढावा, कारण उपकरणे कोणती न्यायची, माणसे किती लागतील आणि किती रात्री राहावे लागेल हे त्यावरच ठरते. एखाद्या जंगलात बेडकांच्या आणि टोडांच्या (म्हणजे खरबरीत त्वचेच्या बेडकांच्या) कोणकोणत्या जाती आहेत एवढेच जाणून घ्यायचे असेल, तर ओढा, डबके, पालापाचोळा, झाडांच्या ढोल्या, ओले खडक अशा सर्व जागा मोकळेपणाने धुंडाळता येतात. दोन जंगलांची किंवा दोन वर्षांची तुलना करायची असेल, तर मात्र प्रत्येक ठिकाणी चालत शोध घेण्याचा सारख्या लांबीचा पट्टा, सारखाच वेळ आणि तितकीच माणसे ठेवावी लागतात, आणि ही शिस्त मागाहून आणता येत नाही. प्रश्न ठरला की परवानग्यांचे अर्ज लगेच करावेत. जंगलात प्रवेश, प्राणी हाताळणे आणि नमुने गोळा करणे यांसाठी बहुधा वेगवेगळी परवानगी लागते, आणि नमुने देशाबाहेर न्यायचे असतील तर आणखी एक.

तारखा सुट्टीप्रमाणे नव्हे, तर पावसाप्रमाणे ठरवाव्यात. वर्षावनात वर्षभर ओल असली तरी अनेक जाती पहिल्या जोरदार सरींनंतर अगदी थोडे दिवस प्रजननासाठी एकत्र येतात आणि पुन्हा विखुरतात. पश्चिम घाटातील जांभळा बेडूक हे याचे टोकाचे उदाहरण आहे. बहुतेक वर्ष जमिनीखाली काढणाऱ्या या बेडकाचे शास्त्रीय वर्णन 2003 साली प्रसिद्ध झाले. म्हणून एकाच हंगामातल्या एका फेरीवर विसंबू नये, आणि प्रत्येक जागी किमान तीन वेळा जाता येईल असे वेळापत्रक आखावे.

रात्री चालायचा मार्ग दिवसा पाहून ठेवावा. घसरण्याच्या जागा, ओढा ओलांडण्याच्या जागा आणि पाणी वाढल्यास परतण्याची वाट यांची नोंद करावी, खुणेच्या फिती बांधाव्यात आणि परतताना त्या सोडून आणाव्यात. सगळे पट्टे पाण्याच्या कडेलाच आखण्याचा मोह आवरावा. वर्षावनातल्या कित्येक जातींमध्ये बेडूकमाशाची अवस्था पाण्यात जात नाही. पिल्लू अंड्यातच पूर्ण वाढते आणि अंडी पालापाचोळ्यात किंवा पानावर असतात. अशा जातींसाठी जमिनीवर 5 मीटर बाजूचा चौरस आखून, चारही कडांनी आत सरकत, दिवसाउजेडी पालापाचोळा चाळण्याची पद्धत उपयोगी पडते. त्यासाठी दोरी, चार खुंट्या आणि हातमोजे एवढेच सामान पुरते.

रात्रीच्या कामात कान डोळ्यांपेक्षा अधिक उपयोगी पडतात, कारण उंच फांदीवरचा बेडूक दिसत नाही, पण ओरडतो. अपेक्षित जातींचे आवाज आधीच ऐकून ठेवावेत. कीटकांच्या किर्रकिर्रीतून ते वेगळे काढायला सवय लागते. पावलांच्या चाहुलीने आणि प्रकाशाने बेडूक गप्प होतात, म्हणून प्रत्येक थांब्यावर दिवा मंद करून काही मिनिटे उभे राहण्याचा वेळ वेळापत्रकात धरावा. ध्वनिमुद्रण शक्यतो डब्ल्यूएव्ही या न दाबलेल्या फाइल-स्वरूपात, 44.1 किलोहर्ट्झच्या नमुना-दराने (सॅम्पलिंग रेट) करावे. दाबून लहान केलेल्या फाइलीत आवाजाचे बारकावे हरवतात. हवेचे तापमानही त्याच वेळी नोंदवावे, कारण बेडकाच्या आवाजाची गती तापमानानुसार बदलते आणि तापमानाशिवाय दोन मुद्रणांची तुलना फसवी ठरते.

निर्जंतुकीकरणाचे सामान पिशवीत सर्वांत शेवटी कोंबले जाते, ते सर्वांत आधी भरावे. उभयचरांच्या त्वचेवर वाढणारी कायट्रिड बुरशी 1999 साली शास्त्रीय नावानिशी नोंदली गेली, आणि तिने जगाच्या अनेक भागांतल्या जाती संपुष्टात आणल्या आहेत. ती ओल्या बुटांतून, जाळ्यांतून आणि हातांतून एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्यात जाऊ शकते. उपकरणे पूर्ण वाळवली तर तिचा धोका बराच कमी होतो, पण वर्षावनात काहीच वाळत नाही, त्यामुळे रसायनांवाचून गत्यंतर नसते. ताठ केसांचा ब्रश, बुटांसाठी ब्लीचचे किंवा तशा जंतुनाशकाचे द्रावण, मोजमापाच्या उपकरणांसाठी 70 टक्के अल्कोहोल आणि धुण्यासाठी स्वच्छ पाणी एवढे हवेच. आधी चिखल घासून काढावा, कारण चिखलात ब्लीचचा प्रभाव उरत नाही. द्रावण रोज ताजे करावे आणि धुतलेले पाणी ओढ्यापासून दूर ओतावे. गमबूट की कापडी बूट, हा वाद कायमचा आहे. माझे मत गमबुटांच्या बाजूने आहे, कारण ते पटकन धुऊन निघतात.

प्रत्येक बेडकासाठी नवे हातमोजे आणि नवी पिशवी वापरावी, आणि दोन बेडूक कधीही एका पिशवीत ठेवू नयेत. काही प्रकारचे हातमोजे बेडूकमाशांना घातक ठरू शकतात, म्हणून त्यांच्यासाठी पाण्याने धुतलेले व्हिनाइलचे मोजे घ्यावेत. डासांचे मलम लावलेल्या हाताने बेडूक धरू नये. त्याची त्वचा रसायने सहज शोषून घेते. टोडाच्या कानामागच्या ग्रंथींतून येणारा स्राव डोळ्याला झोंबतो, त्यामुळे हात धुतल्याशिवाय चेहऱ्याला लावू नये.

मोजमापासाठी व्हर्नियर कॅलिपर आणि हलका स्प्रिंगकाटा पुरेसा आहे. तुंडापासून (नाकाच्या टोकापासून) अवस्करापर्यंतची (धडाच्या मागच्या टोकाच्या उत्सर्जन-छिद्रापर्यंतची) लांबी नोंदवावी. छायाचित्रे मात्र ठरवून काढावीत: पाठ, पोट, बाजू, मांडीची आतली बाजू, बोटांची टोके आणि बोटांमधला पडदा. एकसारख्या दिसणाऱ्या जाती पाठीच्या एका सुंदर चित्रावरून क्वचितच वेगळ्या ओळखता येतात. कॅमेरा ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावा.

नोंदीचा तक्ता निघण्यापूर्वी छापून, पाण्यात टिकणाऱ्या कागदावर, पेन्सिलीने भरून पाहावा. त्यात सुरुवातीची व शेवटची वेळ, माणसांची संख्या, पट्ट्याची लांबी, पाऊस, आर्द्रता आणि तापमान यांचे रकाने हवेत, आणि काहीच न सापडल्यास शून्य लिहायची जागाही हवी. रिकामा रकाना आणि शून्य यांत फार अंतर आहे. कोस्टा रिकातील सोनेरी टोड शेवटचा 1989 साली दिसला, तर तो नामशेष झाल्याचे 2004 साली जाहीर झाले. असा निष्कर्ष काढायला लोकांनी कुठे, किती वेळ आणि कोणत्या हवामानात शोध घेतला हेच पाहावे लागते, आणि ते कोणीतरी लिहिलेले असावे लागते.

माणसांच्या बाबतीत थोडक्यात: कोणीही एकटे जाऊ नये. प्रत्येकाकडे डोक्याला लावायचा दिवा, आणखी एक हाताचा दिवा आणि जादा सेल असावेत. जळवांसाठी लांब मोजे घ्यावेत. बेडूक जिथे असतात तिथे ते खाणारे सापही असतात, म्हणून हात घालण्याआधी प्रकाश टाकावा. ओल्या मातीतून आणि पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसबद्दल डॉक्टरांशी आधी बोलावे आणि जखमा झाकून ठेवाव्यात. कोणत्या पट्ट्यावर जात आहात आणि किती वाजेपर्यंत न परतल्यास शोधायला निघायचे, हे मुक्कामावर थांबणाऱ्या व्यक्तीकडे लिहून ठेवावे.