जुन्या फोर बाय फोरला हादरा बसतोय? पान्याआधी वही काढा

जुनी जिप्सी, महिंद्राची एमएम ५४० जीप, नाहीतर बोलेरोची फोर बाय फोर पिकअप ज्यांच्याकडे आहे त्यांना हे ओळखीचं असेल. ४५-५० पर्यंत गाडी मस्त चालते आणि ५५ च्या पुढे काटा गेला की सीटखालून धडधड सुरू, गिअरचा दांडा थरथरतो, आरशात मागचं काही दिसत नाही. गॅरेजला नेली की पहिलं वाक्य ठरलेलं, "क्लच प्लेट गेली". माझ्या जिप्सीची क्लच प्लेट बदलली, मग गिअरबॉक्सचे माउंटिंग (रबरी आधार), मग मागच्या शाफ्टचे, म्हणजे चाकांकडे ताकद नेणाऱ्या फिरत्या दांड्याचे, दोन्ही क्रॉस (टोकाचे वळते सांधे), आणि हादरा गेला तर नाहीच, क्रॉस बदलल्यावर वाढला. का वाढला ते पुढे सांगतो, पण त्याआधी कळकळीने सांगतो की हादरा नेमका कधी येतो हे कळल्याशिवाय एक पण पार्ट विकत घेऊ नका.

सकाळी लवकर, रस्ता मोकळा असताना ठाणे-बेलापूर रोडला गाडी काढा, बाजूला कोणीतरी वही घेऊन बसवा. ज्या स्पीडला हादरा येतो तिथे नेऊन चौथ्यात बघा, मग तिसऱ्यात त्याच स्पीडला बघा, मग क्लच दाबून न्यूट्रल करा आणि गाडी आपोआप पळू द्या. न्यूट्रलमध्ये पण तसाच येतोय म्हणजे इंजिन आणि क्लचचा संबंध नाही, दोष गिअरबॉक्सच्या मागे, म्हणजे शाफ्ट, हाऊसिंग (दोन चाकांमधला गिअरचा लोखंडी खोका) किंवा चाकं. गिअर बदलला की हादऱ्याचा स्पीड पण बदलतो, म्हणजे तो इंजिनच्या आरपीएमला बांधलेला आहे, तिथे मिसिंग (इंजिन अडखळणं) आणि माउंटिंग बघा. फक्त अॅक्सिलरेटर दाबल्यावर येतो, सोडला की जातो, तर क्रॉस, शाफ्टचा अँगल किंवा पिनियन (हाऊसिंगमधला, शाफ्टने फिरणारा छोटा गिअर). लोडवरची टेस्ट घोडबंदर रोडवरच्या गायमुखच्या चढाला छान होते.

हादरा जाड आहे की बारीक हे पण लिहा. २०५/७० आर १५ टायरचा घेर साधारण २.१ मीटर, म्हणजे ६० च्या स्पीडला चाक सेकंदाला ८ वेळा फिरतं, आणि हाऊसिंगचा रेशो ४ (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४) धरला तर शाफ्ट ३२ वेळा. त्यामुळे चाकाचा हादरा जाड, दबदब असा, स्टिअरिंगला किंवा सीटला जाणवतो, आणि शाफ्टचा बारीक, पायाखालच्या पत्र्यात गुणगुणल्यासारखा. एकदा हा फरक पायाला कळला की अर्धं काम झालं.

आता फुकटातल्या गोष्टी आधी. येऊरला किंवा उरणकडे चिखलात जाऊन आला असाल तर रिमच्या आतल्या बाजूला हात घाला, तिथे चिखल वाळून दगडासारखा चिकटलेला असतो आणि तेवढ्याने चाकाचा बॅलन्स जातो. टायरवरचा चार आकडी कोड बघा, ३५१७ म्हणजे २०१७ चा ३५ वा आठवडा. पावसाळाभर एका जागी उभ्या गाडीचे टायर एका बाजूला चपटे पडतात, ते पण धडधडतात. आणि आपल्याकडे पावसाळ्याआधी सगळे अंडरकोटिंग मारून घेतात, त्यात शाफ्टवर पण काळा थर बसतो, एका बाजूला जाड एका बाजूला पातळ, तो खरवडून काढा. खरवडताना शाफ्टवर वेल्डिंगने लावलेल्या छोट्या पट्ट्या दिसतील, ती बॅलन्सिंगची वजनं आहेत, त्यांना हात लावू नका. एखादी पडल्याची खूण दिसली तर शाफ्ट बॅलन्सिंगला द्या.

क्लचचा हादरा वेगळाच असतो, गाडी उचलताना अर्ध्या क्लचवर येतो, पाय पूर्ण सोडला की बंद. प्लेटवर ऑइल आलं असेल किंवा प्लेट गुळगुळीत झाली असेल. आणि कोरड्या डांबरावर फोर एच (चारही चाकांना जोर) टाकून वळवली तर गाडी अडखळणारच, या गाड्यांना पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं मधलं डिफरन्शियल नसतं, तो दोष नाही, टू एच (फक्त मागच्या चाकांना जोर) मध्ये आणा. लिव्हर अडकला तर सरळ दोन-चार फूट रिव्हर्स घ्या, सुटतो.

मग गाडीखाली. जागा सपाट, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, आणि उचलायची असेल तर स्टँडवर, नुसत्या जॅकवर कधीच नाही. जिप्सीला तीन शाफ्ट असतात, गिअरबॉक्स ते ट्रान्सफर केस (पुढे-मागे ताकद वाटणारा डबा) एक छोटा, मग पुढचा आणि मागचा. छोट्याकडे कोणी बघतच नाही, तुम्ही बघा. न्यूट्रल करून प्रत्येक शाफ्ट हाताने पिळा, क्रॉसच्या कपाभोवती लालसर पावडर दिसली म्हणजे आतल्या सुया गंजल्या. खाडीच्या पाण्यातून गाडी काढून ग्रीस मारलं नाही की हेच होतं.

आता माझा हादरा का वाढला ते. क्रॉस वाकडा फिरतो तेव्हा शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा जोरात आणि दोनदा हळू होतो, दुसऱ्या टोकाचा क्रॉस ते बरोबर उलट करून मिटवतो, पण शाफ्टच्या दोन्ही टोकांचे, क्रॉस धरणारे कान एका रेषेत असतील तरच. मधे दातांची स्लीव्ह असते, ती खेचून काढली आणि बसवताना एक दात जरी सरकला तरी हिशोब बिघडतो. मी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये पुठ्ठ्यावर आडवा पडून एका टोकाच्या कानांवर स्टीलची पट्टी ठेवली, दुसऱ्या टोकाला दुसरी, टॉर्च मारला तर एक पट्टी आडवी आणि दुसरी सरळ सरळ तिरकी. दोन दात चुकले होते. क्रॉस नवेकोरे, बसवणं चुकीचं. स्लीव्ह काढून रेषेत बसवली आणि तीन महिन्यांचा हादरा त्या संध्याकाळी गेला. म्हणून शाफ्ट उघडण्याआधी स्लीव्हवर आणि फ्लँजवर (बोल्टने जोडायची चकती) ऑइल पेंटची रेघ मारा, स्वतः उभं राहून मारा.

तरी सापडला नाही तर एक एक शाफ्ट काढून चालवा. आधी पुढचा काढा आणि टू एच मध्ये चालवा, कारण पुढच्या चाकांचे हब फ्री (शाफ्टपासून सुटे) नसतील तर पुढचा शाफ्ट टू एच मध्ये पण फिरतच असतो. हादरा गेला तर तो तिथलाच. नाही गेला तर पुढचा लावा, मागचा काढा आणि फोर एच टाकून फक्त पुढच्या चाकांवर हळू चालवून बघा. इथे नीट लक्ष द्या, ज्या गाड्यांचा हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या मागे आहे त्यांचा मागचा शाफ्ट काढला की हँडब्रेक मागच्या चाकांना धरतच नाही, म्हणून दगड लावल्याशिवाय गाडीतून उतरू नका.

मोठे शॅकल (पाट्यांच्या टोकाच्या कड्या) टाकून गाडी उंच केली असेल तर पिनियनचा अँगल बदललेला असतो, दोन्ही टोकांचे अँगल साधारण सारखे यायला हवेत, मोबाईलच्या लेव्हल अॅपने पण मोजता येतात. पाट्यांचे यू बोल्ट ढिले असतील तर गाडी उचलताना हाऊसिंगच वर वळतं. पिनियनचा फ्लँज वरखाली हलला तर बेरिंग गेलंय, नट आवळून गप्प बसवायला जाऊ नका, प्रीलोड (बेरिंगवरचा ठरलेला दाब) बिघडला तर क्राऊन पिनियन, म्हणजे हाऊसिंगमधली गिअरची जोडी जाते, ते काम जाणत्या माणसाकडेच द्या.

सगळं लावून झालं की फ्लँजला हाय टेन्साइल बोल्टच घाला, शंभरेक किलोमीटर चालवून परत पाना लावा, आणि क्रॉसला, स्लीव्हला ग्रीस गन मारा, जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत.