ज्येष्ठ नागरिक संघ आणि महाविद्यालय मिळून तोल सांभाळण्याचा वर्ग कसा चालवावा

ज्येष्ठ नागरिक संघ आणि महाविद्यालय एकत्र येणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. १ ऑक्टोबरच्या ज्येष्ठ नागरिक दिनी रक्तदाब तपासला जातो, शाल-श्रीफळ होते, फोटो निघतो आणि पुढच्या ऑक्टोबरपर्यंत दोन्ही बाजू एकमेकांना विसरतात. उतारवयातले पडणे टाळायचे असेल, तर पायांच्या स्नायूंना आणि तोलाला आठवड्यातून अनेकदा, महिनोन्महिने काम द्यावे लागते. म्हणून येथे विचार केला आहे तो शिबिराचा नव्हे, तर नियमित वर्गाचा.

संघाच्या पदाधिकाऱ्यांनी थेट प्राचार्यांना निवेदन देण्याआधी, जवळच्या फिजिओथेरपी महाविद्यालयात समाजात जाऊन काम करणाऱ्या एखाद्या प्राध्यापकांना आपल्या विरंगुळा केंद्रात बोलवावे आणि जागा, खुर्च्या व येणारी माणसे दाखवावीत. असे महाविद्यालय नसलेल्या तालुक्यात राष्ट्रीय सेवा योजनेचे पथक उपयोगी पडते, कारण त्यातील स्वयंसेवकांना वर्षाला १२० तासांचे काम करायचे असते. मात्र हजेरी, नोंदी आणि आजी-आजोबांना घरून आणणे-सोडणे एवढेच त्यांच्याकडे द्यावे. कोणाला कोणता व्यायाम द्यायचा, हे फिजिओथेरपिस्टनेच ठरवावे.

कार्यक्रम स्वतः रचण्याचा मोह टाळून आधीच तपासलेला निवडावा. न्यूझीलंडच्या ओटॅगो विद्यापीठात तयार झालेला व्यायामक्रम हे त्याचे चांगले उदाहरण आहे: पायांचे बळ व तोल वाढवणारे व्यायाम आठवड्यातून तीनदा, सुमारे अर्धा तास, आणि जोडीला आठवड्यातून दोनदा चालणे. चार चाचण्यांतील १,०१६ ज्येष्ठांच्या माहितीचे २००२ मध्ये एकत्रित विश्लेषण झाले, तेव्हा या क्रमामुळे पडण्याचे प्रमाण ३५ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. तो मुळात घरी करण्यासाठी रचलेला आहे. त्यामुळे दोन दिवस वर्गात आणि एक दिवस घरी, अशी विभागणी आपल्या संघांना सोयीची पडेल.

काय बदलता येईल आणि काय नाही, याची यादी प्राध्यापकांकडून पहिल्याच बैठकीत लिहून घ्यावी. वेळ, भाषा आणि गाणी बदलावीत. घोट्याला बांधायच्या वजनांऐवजी वाळूच्या शिवलेल्या, वजन केलेल्या पिशव्याही चालतील. परंतु वजन टप्प्याटप्प्याने वाढवणे आणि आधार हळूहळू कमी करणे हाच या क्रमाचा गाभा आहे. भीतीपोटी सगळे व्यायाम खुर्चीत बसूनच करून घेतले, तर वर्ग सुरक्षित दिसतो. तोल मात्र सुधारत नाही. प्रत्येकाच्या समोर भक्कम खुर्ची ठेवावी, आणि ज्यांना श्रम केल्यावर छातीत दुखते, चक्कर येते किंवा नुकतेच हाड मोडले आहे, त्यांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये. प्रार्थना, वाढदिवस आणि सूचना यांतच अर्धा तास जाण्याची संघांची जुनी सवय असते. हे सारे व्यायामानंतर चहाबरोबर ठेवले, तरी मंडळी आनंदाने ऐकतात.

मोजमाप सुरुवातीला आणि त्यानंतर दर तीन महिन्यांनी करावे. त्याला एक स्टॉपवॉच, भिंतीला टेकवलेली खुर्ची आणि जमिनीवर आखलेले तीन मीटर एवढे पुरते. हात छातीवर दुमडून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते, ते मोजावे. नंतर खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत येऊन बसण्यास लागणारा वेळ नोंदवावा. या दुसऱ्या चाचणीला १२ सेकंद किंवा अधिक लागल्यास पडण्याचा धोका आहे असे समजून त्या व्यक्तीकडे विशेष लक्ष द्यावे. ही माहिती विद्यार्थ्यांच्या प्रबंधात जाणार असेल, तर महाविद्यालयाच्या नैतिकता समितीची मान्यता आणि प्रत्येकाचे मराठीतील संमतीपत्र आधी हवे, आणि निष्कर्ष संघाच्या सभेत येऊन सांगण्याची अट सामंजस्य करारातच घालावी. आपल्याकडून माहिती नेतात आणि परत कोणी फिरकत नाही, ही ज्येष्ठांची तक्रार खोटी नसते.

आता सर्वांत नाजूक भाग. परीक्षा, दिवाळीची सुट्टी आणि इंटर्नशिपची बदलती तुकडी यांमुळे विद्यार्थी जाणारच. वर्ग त्यांच्यावर उभा असेल, तर तोही जाईल. अमेरिकेतील बॉस्टन विद्यापीठात पडण्याच्या भीतीवर तयार झालेला आठ सत्रांचा कार्यक्रम आधी आरोग्य व्यावसायिक चालवत असत. तिथल्याच मेन नावाच्या राज्यातील संस्थांनी तो प्रशिक्षित स्वयंसेवकांनी चालवावा अशी नवी मांडणी केली, आणि त्यानंतर तो दूरवर पसरला. म्हणून पहिल्या महिन्यातच संघातील चार-पाच सभासद निवडावेत. त्यात निवृत्त शिक्षिका किंवा परिचारिका असल्यास उत्तम, पण अध्यक्ष असलेच पाहिजेत असे नाही. त्यांनी आधी शेजारी उभे राहून पाहावे, मग विद्यार्थ्यांच्या देखरेखीखाली अर्धा वर्ग घ्यावा आणि सहाव्या महिन्यापासून दोघांच्या जोडीने पूर्ण वर्ग चालवावा. प्राध्यापकांनी त्यानंतर महिन्यातून एकदा येऊन व्यायाम नेमका होतो आहे ना आणि वजन वाढवले जाते आहे ना, एवढे तपासावे. शेजारच्या संघाला वर्ग सुरू करायचा असेल, तर त्यांना शिकवायला याच सभासदांना पाठवावे.