घरात आणि चर्चच्या मंडळीत वडीलधाऱ्यांचा मान: रोजच्या सोयी कशा कराव्यात

आईबापांचा मान राखण्याची आज्ञा (बायबल, निर्गम 20:12) आपण संडे स्कूलमध्ये मुलांकडून पाठ करून घेतो. तिचा खरा भार मात्र चाळिशी-पन्नाशीतल्या मुलांवर येतो. मार्क 7 मध्ये येशूने खडसावलं तेही मोठ्यांनाच: आईबापांना द्यायचं ते ‘कुर्बान’ म्हणून देवाच्या नावावर लावून हात झटकणाऱ्यांना. म्हणून सुनेचं महिला मंडळ, मुलाची कमिटी आणि घरी आई एकटी, असं दर आठवड्याला होत असेल तर आधी कमिटीची एक बैठक सोडा.

सुरुवात रविवारपासून करा. नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, म्हणून दोन उपासना असतील तर सकाळची निवडा. डायबेटिस असलेल्यांना उपाशी नेऊ नका. इन्सुलिन घेतलं आणि नाश्ता राहिला तर साखर झपाट्याने उतरते आणि माणूस बाकावरच घामाघूम होतो. कॅथलिक घरांत ख्रिस्तप्रसाद, म्हणजे उपासनेतली पवित्र भाकर, घेण्याआधी तासभर उपास पाळतात. वृद्ध, आजारी आणि त्यांची काळजी घेणारे यांना त्यातून सूट आहे, हे आजीला आधीच सांगा, नाहीतर ती मनात खंत धरून बसते. लघवी वाढवणारी गोळी सकाळी असेल तर वेळ बदलता येईल का, ते डॉक्टरांना विचारा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

चर्चमधली जागा नीट निवडा. पुष्कळ जण प्रेमाने आजोबांना कूलरसमोर बसवतात आणि तिथेच चुकतं. कूलरची घरघर श्रवणयंत्र आणखी मोठी करतं, पाळकांचा संदेश (प्रवचन) त्यात बुडून जातो, आणि ‘आजकाल बाबांचं लक्षच नसतं’ असा शेरा मिळतो. दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत, मधल्या वाटेच्या कडेला, पाळकांचे ओठ दिसतील आणि कूलर दूर राहील अशी जागा धरा. गुडघे टेकता येत नसतील तर पाळकांना आधी कळवा, ते प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरस) बाकापाशी आणून देतील. आजोबांचं दान त्यांच्याच हाताने पडू द्या. पाकीट आदल्या रात्री त्यांच्याजवळ द्या, रक्कम त्यांना ठरवू द्या.

अंथरुणाला खिळलेल्यांसाठी घरी प्रभुभोजन मागता येतं. फोन करताना तीन गोष्टी सांगा: ऐकू कोणत्या कानाने येतं, गिळायला त्रास आहे का, आणि दिवसातली बरी वेळ कोणती. पक्षाघातानंतर कोरडी भाकर घशात अडकू शकते. अशा वेळी अगदी लहान तुकडा द्राक्षरसात भिजवून देता येईल का, ते डॉक्टरांना आणि पाळकांना आधीच विचारा. उशीमागे आधार देऊन रुग्णाला सरळ बसवा. छोट्या टेबलावर पांढरं कापड घाला, टीव्ही बंद करा, पाळकांची खुर्ची चांगल्या कानाच्या बाजूला ठेवा. विधी वीस-पंचवीस मिनिटांत आटपलेला बरा. विसरभोळेपणा असला तरी प्रभूची प्रार्थना आणि जुनी भजनं बहुतेकदा आठवतात, म्हणून सुरुवात तिथूनच करा आणि मधे दुरुस्त करू नका. शेवटी आजीलाच घरासाठी प्रार्थना करायला सांगा. भेट देणाऱ्या तरुणांना हे आवर्जून सांगावंसं वाटतं: तुम्ही तिच्यासाठी प्रार्थना करता, तशी तिलाही तुमच्यासाठी करू द्या.

मंडळीने भेटींची यादी करावी. एका घराला दोन ठरलेली माणसं, महिन्यातून एकदा, अर्धा तास. दर वेळी नवे चेहरे आले की वृद्धांना ओळख देण्यातच दमायला होतं.

पैशाच्या गोष्टी लाजेपोटी मागे पडतात. मृत्युपत्रावर दोन साक्षीदार लागतात. ज्याला काही मिळणार आहे त्याची किंवा त्याच्या जोडीदाराची सही साक्षीदार म्हणून घेऊ नका, त्याला दिलेला हिस्सा बाद होतो. घर मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करत असाल तर सांभाळ करण्याची अट त्यातच लिहा. तशी अट असली तर सांभाळ न झाल्यास 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली ते रद्द करून घेण्यासाठी न्यायाधिकरणाकडे जाता येतं.

नोव्हेंबरमध्ये पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा असतो. केंद्र सरकारच्या 80 वर्षांवरील पेन्शनरांना तो ऑक्टोबरपासून देता येतो. बोटांचे ठसे झिजलेले असतील तर मोबाईलवरून चेहऱ्याने ओळख पटवता येते: खिडकीकडे तोंड करून बसवा आणि आधार व पेन्शनचा कागद हाताशी ठेवा.